प्रस्तावना : जातंय तिथं नेम

शाळूनं हुरडा धरला की आमच्या घरातल्या धाकट्या पोरांची बदली शाळेतून माळ्यावर व्हायची. चार मेढी, त्यावर बाभळीच्या फांद्या, वर कडब्याच्या दोन पेंढ्या, एवढाच तो माळा. उजाडायला वर चढायचं आणि ऊन तापून पाखरं झाडात शिरेपर्यंत खाली उतरायचं नाही. भोरड्यांचा थवा आला की आधी आवाज यायचा, मग सावली. हातात अंबाडीची गोफण. एका टोकाचा फास बोटात, दुसरं टोक नुसतं चिमटीत, मधल्या वाटीत लिंबाएवढा खडा. डोक्यावरून दोन गरके द्यायचे आणि चिमूट सोडायची. मी सोडायचो तोवर थवा पुढं गेलेला असायचा, खडा रिकाम्या आभाळातून शेजाऱ्याच्या रानात पडायचा आणि शेजारी आमच्या सगळ्या घराण्याचा उद्धार करायचा. एकदा थोरले तात्या बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "आरं, हाय तिथं नगं. जातंय तिथं टाक."

मातीच्या तबकड्यांवरच्या नेमबाजीवर मराठीत लिहिलेल्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसलो आणि पहिल्यांदा तात्याच आठवले. त्यांनी जन्मात शॉटगन हातात धरली नाही. पण पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात लेखकांनी आकृत्या काढून, बाण दाखवून जे समजावलं आहे ते तात्यांनी बांधावरून एका दमात सांगून टाकलं होतं.

लेखक माझ्याच तालुक्यातले. तासगाव म्हटलं की लोकांना गणपतीचा रथ आठवतो, बेदाण्याचे सौदे आठवतात. बंदुकीचा खेळ आठवत नाही. मीही तासगावात वाढलो आणि गावाच्या आभाळात तबकडी उडताना कधी पाहिली नाही. मग इथल्या माणसानं या विषयावर पुस्तक का लिहावं, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, आपल्याकडं नेमबाज आहेत, पण सगळे उभ्या नेमाचे. हलत्या नेमाचं कुणी बोलतच नाही. मला ते पटलं.

उभ्या नेमात आमचा मुलूख खरोखर मोठा आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली. कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, तेव्हा पेपरवाल्यांनी लगेच कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची आठवण काढली. कारण १९५२ च्या हेलसिंकीनंतर मराठी मातीला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली होती. या यशामागं शिस्त आहे, शासनाची क्रीडा प्रबोधिनी आहे, बालेवाडीची रेंज आहे, आणि पोराच्या रायफलीसाठी कर्ज काढणारे आईबाप आहेत.

पण या साऱ्यांचं लक्ष्य जागचं हलत नाही. ५० मीटरवरच्या रायफलीच्या कागदावर दहा गुणांचं वर्तुळ साडेदहा मिलिमीटरच्याही आतलं असतं आणि ते तिथंच असतं, पळत नाही. तिथं नेमबाजाला स्वतःला मारायचं असतं: श्वास मारायचा, खांद्याची थरथर मारायची, छातीच्या दोन ठोक्यांमधली शांत फट शोधायची. तबकडीच्या खेळात याच्या नेमकं उलट. इथं थांबलात की संपलात. बंदूक तबकडीबरोबर फिरली पाहिजे, चाप ओढतानाही फिरत राहिली पाहिजे आणि ओढून झाल्यावरही क्षणभर फिरलीच पाहिजे. रायफलीचे चांगले नेमबाज इथं सुरुवातीला हमखास चुकतात, कारण शेवटच्या क्षणी ते सवयीनं बंदूक स्थिर करतात. माळ्यावरचं पोर हातातून खडा सुटल्यावर हात मध्येच थांबवत नाही, त्याचा हात गरका पुरा करतो. हा गुण शिकवायला महागडा प्रशिक्षक लागतो, असं लेखकांनी लिहिलं आहे. मी म्हणतो, दोन हंगाम शाळू राखायला लावा.

आता तबकडीविषयी. तिला मातीची म्हणतात, पण ती मातीची नाही. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखी राळ तापवून साच्यात दाबलेली ती उथळ बशी असते. व्यास ११० मिलिमीटर, उंची २५, वजन १०५ ग्रॅम. पालथी ठेवली तर लोणच्याच्या बरणीचं झाकण वाटावं. फेकणाऱ्या यंत्राचा धक्का सोसेल इतकी ती घट्ट असते आणि दोन-चार छर्रे लागताच फुटेल इतकी ठिसूळ. हा तोल साधायला बराच काळ गेला. सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीनं १८८० साली या तबकडीचं पेटंट घेतलं. पोरं पाण्यावर शिंपले सरपटवत होती ते बघून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. येरळा नदीच्या डोहात आम्ही खापरीच्या भाकऱ्या काढायचो. आमच्यातल्या कुणाला पेटंट सुचलं नाही, हा भाग वेगळा. लिगोव्स्कीची तबकडी मात्र खरोखर भाजलेल्या मातीची होती, आणि ती इतकी टणक निघाली की छर्रे लागले तरी नुसती खणकायची. पुढं राळ आली, चुनखडी आली. माती गेली आणि नाव तेवढं राहिलं.

त्याआधी काय होतं हे जरा नाक मुरडूनच सांगावं लागतं. आधी जिवंत कबुतरं होती. पेटीत कोंडलेलं पाखरू दोरी ओढून सोडायचं आणि ते उडालं की मारायचं. इंग्रजीत या खेळाला ट्रॅप म्हणतात तो याच पेटीवरून. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा हा प्रकार झाला. बेल्जियमच्या लिऑन द लुंदेननं २१ पाखरं पाडून पहिला नंबर काढला आणि मैदानावर तीनशेच्या आसपास कबुतरं मेली. ऑलिंपिकच्या इतिहासात जिवंत प्राणी मारून जिंकायची स्पर्धा तेवढी एकदाच झाली. मधल्या काळात अमेरिकेत काचेचे गोळे उडवायचे. ॲडम बोगार्डसनं १८७७ मध्ये ते फेकायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पण काचा रानात पसरायच्या, त्यामुळं तेही मागं पडलं. आज तबकडी उडवताना ओरडतात ते 'पुल' त्या दोरीच्या काळचं. आता दोरी नाही, माइक आहे. नेमबाजाचा आवाज पोचला की यंत्र तबकडी सोडतं. तरी शब्द तोच.

आपल्याकडं हा खेळ शिकारखान्याच्या वाटेनं आला. कोल्हापूरच्या छत्रपतींकडं काळवीट धरायला शिकवलेले चित्ते होते. बिकानेरच्या गजनेर तळ्यावर राजेलोकांच्या पाखरांच्या शिकारी व्हायच्या. त्याच बिकानेरचे महाराजा करणीसिंह पुढं तबकडीच्या खेळातलं भारताचं पहिलं मोठं नाव झाले. १९६० ते १९८० या काळात ते पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य घेऊन आले. दिल्लीच्या तुघलकाबादची रेंज त्यांच्याच नावानं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचं दार लागलं आणि तबकडी हीच काय ती उरली. तिथून खेळ राजवाड्यातून लष्कराकडं सरकला. २००४ च्या अथेन्समध्ये मेजर राज्यवर्धन राठोडांनी डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकदम दोन तबकड्या उडतात त्या प्रकारात, २०० पैकी १७९ तबकड्या फोडून रौप्य मिळवलं, ते सर्वांच्या लक्षात आहे. २००६ साली मानवजीत सिंग संधू ट्रॅपचा जगज्जेता झाला, ते फारसं कुणाच्या लक्षात नाही. आणि २०२४ ला स्वप्नीलच्या पदकाचे पेढे वाटून होतात न होतात तोच महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका या जोडीचं स्कीट मिश्र दुहेरीतलं कांस्य एका तबकडीनं हुकलं, ४४ विरुद्ध ४३. एक तबकडी म्हणजे १०५ ग्रॅम चुनखडी.

या नावांत आपल्या पट्ट्यातलं नाव येत नाही. पण नेमबाजीची देशातली संघटना उभी केली ती एका मराठी माणसानं, हे लेखकांनी पुस्तकात नोंदवलं नाही म्हणून मी इथं नोंदवतो. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली ती दादासाहेब मावळंकरांच्या पुढाकारानं. घराणं रत्नागिरीतल्या मावळंग्याचं, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादची, आणि पुढं लोकसभेचे पहिले अध्यक्ष. गांधीजींबरोबर सत्याग्रहात उतरलेल्या माणसानं नागरिकांच्या हातात रायफल देणारी संस्था काढावी, यावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. राष्ट्रीय स्पर्धेत जायची वाट बहुतेक नेमबाजांसाठी त्यांच्याच नावाच्या 'मावळंकर' स्पर्धेतून जाते. पोरं नुसतं "यंदा मावळंकरला जाणार" म्हणतात. हे मावळंकर कोण, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, ते विचारू नये.

खेळाचे प्रकार लेखकांनी नीट मांडले आहेत, मी तोंडओळखीपुरतं सांगतो. ट्रॅपमध्ये नेमबाज एका ओळीतल्या पाच जागांवर उभे राहतात. समोर १५ मीटरवर जमिनीखाली यंत्रं असतात, प्रत्येक जागेसमोर तीन. तबकडी नेमबाजापासून लांब पळते, डावीकडं की उजवीकडं ते आधी कळत नाही. पहिला बार अर्ध्या-पाऊण सेकंदात गेला पाहिजे; चुकला तर दुसऱ्या नळीचा बार असतो. स्कीटमध्ये दोन बाजूंना दोन खोल्या, एक उंच, एक बुटकी. तबकड्या ठरलेल्या वाटेनं आडव्या जातात आणि नेमबाज आठ जागा फिरतो. इथं बंदूक खांद्याला लावून वाट बघायची नाही, ती कमरेशी ठेवायची. स्कीटच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. १९२० च्या सुमाराला मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला चार्ल्स डेव्हिस नावाचा गृहस्थ घड्याळाच्या आकड्यांसारखा गोल फिरून सराव करायचा. मग शेजाऱ्यानं त्या बाजूला कोंबड्या पाळल्या. गोल अर्धा करावा लागला, म्हणून पलीकडं दुसरं यंत्र बसवलं आणि आजचा स्कीट तयार झाला. शेजाऱ्याच्या कोंबड्यांपायी ऑलिंपिक खेळाचा नकाशा बदलला, हे आमच्याकडं बांधावरून भांडणाऱ्यांना समजायला हरकत नाही.

तिसरा प्रकार स्पोर्टिंग. ऑलिंपिकमध्ये तो नाही आणि क्लबांत सगळ्यांत जास्त रमवणारा तोच. रानातून पायवाट, वाटेवर वेगवेगळे अड्डे. एका अड्ड्यावर तबकडी सशासारखी जमिनीवरून उड्या मारत जाते, दुसऱ्यावर सरळ वर चढते, तिसऱ्यावर झाडाआडून येऊन अचानक कूस बदलते. हे वाचताना मला आमचं रान दिसत होतं. भोरड्या थव्यानं आडव्या जातात, बुलबुल द्राक्षाच्या मांडवाखालून सरळ अंगावर येतो, पारवा विहिरीतून उभा वर उठतो. आता बागांवर जाळी आली, पाइपाच्या कार्बाइड बंदुका आल्या. गोफण राहिली ती जत्रेत शोभेला.

नेम पुढं किती धरायचा, हा प्रश्न या पुस्तकाचा कणा आहे. हिशेब साधा आहे. ताशी ८० किलोमीटरनं आडवी जाणारी तबकडी सेकंदाला बावीस मीटर जाते. ३० मीटरवर पोचायला छऱ्यांना सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्या वेळात तबकडी सव्वादोन मीटर सरकते, म्हणजे वावभर आणि वर हातभर. बंदूक नेमकी तबकडीवर धरलीत तर छर्रे वावभर मागून जाणार. बारा बोअरच्या एका काडतुसात २४ ग्रॅम शिसं, म्हणजे तीनशेच्या आसपास छर्रे, आणि ते एका ठिपक्यात जात नाहीत, पसरत जातात. म्हणून थोडी चूक पोटात घातली जाते. पण थोडीच. नवख्यांची समजूत असते की शॉटगन म्हणजे झाडू, फिरवला की लागतं. पहिल्या पंचवीस तबकड्यांत ही समजूत जाते.

माझी तशीच गेली. काही वर्षांपूर्वी दिल्लीकडच्या एका रेंजवर एका स्नेह्यानं मला नेलं. शिकवायला साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार होते. मराठी ऐकून ते खुलले. दुनळी बंदूक मोडून हातावर कशी धरायची, जागेवर उभं राहीपर्यंत काडतूस का भरायचं नाही, बाकीच्यांना उघडी नळी दिसली पाहिजे ती कशासाठी, हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि तीनदा म्हणवून घेतलं. मग मी खांद्याला दस्ता लावला, 'पुल' म्हणालो, केशरी काहीतरी सर्रकन गेलं आणि मी ते गेल्यावर बार काढला. पुढच्या पाच-सहा वेळा तेच. सुभेदार म्हणाले, "बंदुकीकडं काय बघताय? ती हातातच हाय. तबकडीकडं बघा." मी नळीच्या टोकावरचा मणी आणि तबकडी यांची जुळणी करत बसलो होतो आणि त्या जुळणीत बंदूक थांबत होती. सातव्या की आठव्या तबकडीला मी मण्याचा नाद सोडला. तबकडीची पुढची कड डोळ्यांनी पकडली, दोन्ही डोळे उघडे ठेवून. बार कधी झाला ते कळलं नाही, तबकडीच्या जागी काळा धुरळा दिसला आणि कपच्या खाली पडताना दिसल्या. पंचवीसमध्ये चार लागल्या. दुसऱ्या दिवशी खांदा जांभळा झाला होता, कारण दस्ता नीट न दाबता मी तो खांद्यापासून बोटभर लांब धरत होतो.

त्या दिवशीची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आमची सहा जणांची तुकडी होती. माझ्या डाव्या हाताला राष्ट्रीय स्पर्धा खेळणारी एक मुलगी, उजव्या हाताला निवृत्त बँक अधिकारी, पलीकडं पहिल्यांदाच आलेला कॉलेजचा पोरगा. मुलीनं २४ फोडल्या, मी चार. पण एका रांगेत, एका लयीत, एकाचा बार झाल्यावर दुसऱ्याचा. माझ्या चुकीवर कुणी हसलं नाही आणि तिच्या चोविसावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाळी आली की उभं राहायचं, झाली की एक जागा उजवीकडं सरकायचं.

वेगवेगळ्या कुवतीचे लोक एकाच मैदानावर कसे खेळवायचे, हा क्लबापुढचा खरा प्रश्न असतो, आणि आमच्या मुलखाला त्याचं उत्तर कुस्तीच्या फडात केव्हाच सापडलेलं आहे. गावच्या जत्रेत दुपारी आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, लंगोट सावरणारी सहा-सात वर्षांची पोरं. मग नारळाच्या, मग पन्नास-शंभराच्या, मग हजारांच्या, आणि दिवेलागणीला निकालीची मोठी जोड. जोड लावणारा पंच वजन बघतो, तालीम बघतो, मागच्या जत्रेत कोण कुणाला पडला ते ध्यानात ठेवतो. बेजोड कुस्ती लावली तर लोक बोंबलतात. तबकडीच्या क्लबांनी हेच गणितानं केलं आहे. अमेरिकी ट्रॅपमध्ये साधी जागा यंत्रापासून १६ यार्डांवर असते. जितकं तुम्ही जिंकाल तितकं तुम्हाला मागं ढकलतात, थेट २७ यार्डांपर्यंत. नवखा जवळून मारतो, तरबेज लांबून, आणि दोघांची स्पर्धा एकच. स्पोर्टिंगमध्ये मास्टरपासून खाली ईपर्यंत वर्ग आहेत. मला सगळ्यांत गंमत वाटली ती लुईस पद्धतीची. आधी कोण कुठल्या वर्गात ते ठरवतच नाहीत. सगळ्यांची फेरी संपली की गुण उतरत्या क्रमानं लावतात, यादीचे सारखे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यातल्या पहिल्याला बक्षीस देतात. आपण कुठल्या फडात होतो, हे खेळ झाल्यावर कळतं. त्यामुळं मुद्दाम कमी मारून खालच्या वर्गात घुसायची चलाखी चालत नाही. आमच्या काही फडांत ही पद्धत लावली तर बरीच भांडणं मिटतील.

बाई-पुरुष हा भेदही या खेळात नैसर्गिक नाही, याचा पुरावा १९९२ सालचा आहे. बार्सिलोनात स्कीट सगळ्यांसाठी एकत्र होतं आणि चीनच्या झांग शाननं २२५ पैकी २२३ फोडून सगळ्या पुरुषांना मागं टाकलं. पुढच्या, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांचं राहिलं. ती खेळूच शकली नाही. बायकांचं वेगळं स्कीट सुरू व्हायला २००० साल उजाडलं. याला न्याय म्हणायचं का, ते वाचकांनी ठरवावं. माझं मत मी लपवत नाही: हा अन्याय होता.

मग आमच्याकडं हा खेळ का रुजला नाही? लेखकांनी पैशाचं कारण दिलं आहे आणि ते खरंच आहे. ट्रॅपच्या प्राथमिक फेरीत १२५ तबकड्या. प्रत्येकीला दोन बार धरले तर एका स्पर्धेला २५० काडतुसं. एअर रायफलवाल्या पोराचा छऱ्यांचा एक डबा महिना काढतो. दुसरं कारण जमीन. छर्रे खाली पडेपर्यंत पावणेतीनशे मीटर मोकळी जागा धरावी लागते. तेवढ्या त्रिज्येचा नुसता पाव गोल काढला तरी १५ एकर होतात. तासगाव तालुक्यात १५ एकर मोकळं माळरान आता कुठं उरलंय? जिथं कुसळं होती तिथं द्राक्षं आली. तिसरं कारण कायदा. १९५९ चा शस्त्र कायदा खेळासाठी किमान २० इंच नळीच्या बंदुकीचा आणि पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना ओळखतो. एकवीस वर्षांखालच्याला स्वतःचा परवाना नाही, देखरेखीखाली सराव तेवढा करता येतो. परवान्याचा अर्ज आणि त्याचे खेटे यांवर लेखकांनी एक अख्खं परिशिष्ट दिलं आहे, ते खरोखर कामाचं आहे.

पण मला चौथं कारण दिसतं आणि ते मनातलं आहे. आमच्या भागात बंदूक म्हटली की खेळ आठवत नाही. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला, तिरंगा लागला; पुढच्याच आठवड्यात वडूजला आणि इस्लामपूरला तशाच मोर्च्यांवर गोळ्या चालल्या आणि माणसं मेली. माझ्या आजीच्या तोंडी बंदूक हा शब्द पोलिसांबरोबर यायचा, नाहीतर दरोडेखोरांबरोबर. घरात ठासणीची बंदूक असलेल्या माणसाला गाव दबून असायचं. हे ओझं एका पुस्तकानं उतरणार नाही. रायफल आणि पिस्तुलानं मात्र ते बरंच हलकं केलं आहे. आज कोल्हापूर-सांगलीतली आई मुलीला एअर पिस्तूल शिकायला घेऊन जाते आणि शेजारी वळून बघत नाहीत.

पुस्तकाबद्दल एक-दोन तक्रारी सांगितल्या नाहीत तर ही प्रस्तावना नसून जाहिरात होईल. शिशाचा प्रश्न लेखकांनी दोन ओळींत उरकला आहे. सहा जणांच्या तुकडीनं एका फेरीत दोन्ही नळ्या वापरल्या तर सात किलोवर शिसं रानात पडतं. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यावर बागा पोसणाऱ्या तालुक्यात रेंजची भाषा करायची तर ते शिसं गोळा कसं करायचं, रेंज ओढ्यापासून किती लांब हवी, हे आधी बोललं पाहिजे. पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण यावं. दुसरी तक्रार भाषेची. 'पूर्वलक्ष्य-अंतर' हा शब्द लेखकांनी कुठून आणला कोण जाणे. रेंजवर सगळे 'लीड' म्हणतात आणि आमचे तात्या 'जातंय तिथं' म्हणायचे. दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

बाकी पुस्तक हातात घेण्यासारखं आहे. उभं कसं राहायचं, गाल दस्त्याला कसा टेकवायचा, नळीच्या तोंडाचा चोक कधी बदलायचा, चुकलेल्या तबकडीचं दुःख पुढच्या तबकडीपर्यंत का न्यायचं नाही, हे सगळं लेखकांनी स्वतः चुकून शिकलेलं आहे आणि ते वाचताना कळतं. आकृत्या मोठ्या आहेत, अक्षर ठळक आहे, किंमत बेदाण्याच्या एका पाकिटाएवढी ठेवली आहे.

वाचकांना एकच विनंती. लेखकांनी सुरक्षिततेचं प्रकरण चौथं ठेवलं आहे. तुम्ही ते पहिलं वाचा, आणि रेंजवर पाय ठेवण्याआधी परत एकदा वाचा.